साखरपुडा मोडल्यानंतरचा पाठलाग : समजोता करावा का?

अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. माझ्या भाचीचा साखरपुडा आम्ही दिवाळीपूर्वी मोडला, कारण ती कॉलेजात कोणाशी काय बोलली याचा मुलगा रोज हिशेब मागू लागला होता. तेव्हापासून एसटीच्या वेळी तो फाट्यावर मोटारसायकल लावून उभा असतो. तिने 7.40 ची बस सोडून 9 ची धरली, तर तिसऱ्या दिवशी तो 9 वाजता तिथेच होता. तिने नंबर बदलला, तो त्याने तिच्या मैत्रिणीकडून मिळवला. त्याने अजून हात उचललेला नाही, शिवीही दिलेली नाही, परवा मात्र कापूस वेचायला गेलेल्या माझ्या वहिनीला धुऱ्यावर गाठून तो एवढेच म्हणाला, "ती नाही, तर मग मलाही काही नको." गावातील जाणती मंडळी म्हणतात, की तंटामुक्त समितीपुढे दोघांना समोरासमोर बसवू, तो माफी लिहून देईल. पाठलाग आणि खून यांचा संबंध असतो असे मी वाचले होते. तो खरोखर किती आहे, आणि ही बैठक घ्यावी का?

समुपदेशक, वर्धा

ताई, बैठक घेऊ नका.

न्यायसहायक मानसशास्त्रात, म्हणजे गुन्ह्यामागच्या मनाच्या अभ्यासात, हा संबंध नीट अभ्यासला गेला आहे. जूडिथ मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये अमेरिकेत पती, प्रियकर किंवा पूर्वीच्या जोडीदाराने मारलेल्या स्त्रियांच्या प्रकरणांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांपैकी 76 टक्के स्त्रियांचा खुनाआधीच्या वर्षभरात पाठलाग झालेला आढळला. ब्रिटनमध्ये जेन मंक्टन स्मिथ यांनी 2017 मध्ये 358 खून तपासले आणि 94 टक्क्यांमध्ये पाठलागाची लक्षणे सापडली. मात्र हे आकडे खुनापासून मागे पाहून काढलेले आहेत. पाठलाग करणारे 94 टक्के लोक खून करतात असा त्यांचा अर्थ मुळीच नाही, बहुतेक जण करत नाहीत. विजेने दगावलेले बहुतेक लोक पावसात शेतात असतात, पण पावसात शेतात असलेला प्रत्येक जण दगावत नाही; तरीही ढग गडगडला, की आपण झाडाखालून उठतोच.

तुमच्या लिहिण्यात तीन गोष्टी मला गडगडाटासारख्या वाटल्या. पहिली, तो नाकारलेला जोडीदार आहे. ऑस्ट्रेलियातील पॉल मुलेन यांच्या गटाने पाठलाग करणाऱ्यांचे पाच प्रकार मांडले आहेत, त्यांत हिंसेचा धोका याच प्रकारात मोठा असतो. नाते संपले हे तो मानत नाही आणि तिच्या मागे मागे फिरूनच ते चालू ठेवतो. म्हणून समोरासमोरची बैठक ही त्याच्यासाठी शिक्षा नसून भेट असते. दुसरी, हिशेब मागण्याची सवय साखरपुडा मोडण्याच्या आधीपासूनची आहे. तिसरी आणि सर्वांत गंभीर, धुऱ्यावरचे ते वाक्य. आपल्याला आता गमावण्यासारखे काही उरले नाही, असे माणूस बोलू लागला, की तो स्वतःचा जीव देण्याचे बोलत असला तरी धोका तिलाही असतो. हात उचलला नाही यावर विसंबू नका. तिचे दुसरे लग्न ठरेल, तेव्हा तर अधिक सावध राहा.

गावचा पोलीस पाटील

मी अशा दोन समजोत्यांवर सही केलेली आहे. दुसऱ्या प्रकरणात मुलाने माफी लिहून दिली, महिनाभराने पुन्हा सुरू केले आणि मुलीला शिक्षण सोडून मामाकडे जावे लागले. तंटामुक्त मोहीम बांधाच्या आणि भाऊबंदकीच्या वादांना फार उपयोगी पडली, पण हा दोन बाजूंचा तंटाच नव्हे.

2013 मध्ये पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला; 1 जुलै 2024 पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 78 आहे. पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, परंतु तो जामीनपात्र आहे; पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. म्हणजे तो त्याच संध्याकाळी सुटून गावात येऊ शकतो, तेव्हा तक्रार देण्यापूर्वीच त्या रात्री मुलगी कुठे राहील हे ठरवून ठेवा. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्याचीही मागणी करा, आणि धुऱ्यावरचे वाक्य तक्रारीत जसेच्या तसे लिहा.

हिंगणघाटची वाचक

3 फेब्रुवारी 2020 रोजी आमच्या नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला ओळखीच्या माणसाने पेट्रोल टाकून पेटवले. ती रोजच्या वेळी, रोजच्या रस्त्याने कॉलेजकडे निघाली होती आणि त्याला तो रस्ता ठाऊक होता. 10 फेब्रुवारीला नागपुरात तिचा मृत्यू झाला; बरोबर दोन वर्षांनी त्याला जन्मठेप झाली. त्या चौकातून जाताना मला आजही तिची वेळ आठवते. ताई, भाचीला फाट्यावर एकटी सोडू नका.

अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. बैठक होणार नाही असे भावाने समितीला कळवले आहे. एका फोनला उत्तर दिले, तर पुढच्या वेळी तो तीस फोन करेल का?

समुपदेशक, वर्धा

होय. एकदा स्पष्ट शब्दांत नकार कळवावा आणि त्यानंतर एकही उत्तर देऊ नये. तिसाव्या फोनला राग येऊन बोललात, तरी तीस फोन लावले की आवाज ऐकू येतो एवढेच तो शिकतो. संदेश पुसू नका.

अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा

भाचीने वही केली आहे. तारीख, वेळ, ठिकाण, कोणी पाहिले. आठवून आठवून दिवाळीपासूनच्या सतरा नोंदी झाल्या. उद्या सकाळी भाऊ, वहिनी आणि मी तिघेही तिच्याबरोबर ठाण्यात जात आहोत, आणि रात्री ती माझ्या घरी राहील.