विवेकी विचार आणि जीवनाची गुणवत्ता यांचा सहसंबंध उलटा येत आहे, मदत हवी आहे

धागाकर्ती: मानसशास्त्राच्या एम.ए.साठी मी विद्यापीठाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांवर लघुप्रबंध करीत आहे. विचार जितका विवेकी, तितकी जीवनाची गुणवत्ता अधिक, असे गृहीतक होते. सहसंबंध मात्र ऋण आला आहे, म्हणजे एकाचे गुण वाढले की दुसऱ्याचे कमी होताना दिसतात. सोमवारी मार्गदर्शकांना प्रकरण द्यायचे आहे, तरी कारण कृपया लवकर सांगावे.

आकडेमोड: चाचण्या कोणत्या वापरल्या? काही चाचण्या प्रत्यक्षात अविवेकी समजुती मोजतात. तसे असेल, तर ऋण सहसंबंध आपल्या गृहीतकाला अनुकूलच आहे.

धागाकर्ती: विचारांच्या चाचणीत जास्त गुण म्हणजे अधिक विवेक, हे पुस्तिकेत पाहिले आहे. गुणवत्तेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली घेतली आहे.

आकडेमोड: तिच्यातील ३, ४ आणि २६ हे प्रश्न वेदना, औषधोपचारांची गरज व नकारात्मक भावना यांविषयी आहेत. त्यांत जास्त गुण म्हणजे वाईट स्थिती, म्हणून १ ते ५ मधील ते गुण ६ मधून वजा करून उलटवावे लागतात. तसे केले का?

विवेकवाट: आकड्यांत अडकण्यापेक्षा या मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या, अविवेकी समजुती बदलायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची कार्यशाळा घ्यावी. ‘मला उत्तीर्ण व्हायचे आहे’ ही इच्छा झाली आणि ‘मी उत्तीर्ण झालोच पाहिजे’ हा हट्ट झाला, एवढा फरक उमगल्यावर माझी परीक्षेची धास्ती कमी झाली.

गावाकडची: कार्यशाळेविषयी कोणी विचारलेले नाही. त्या प्रश्नावलीत परिसराचे ८ प्रश्न आहेत आणि त्यांत पैसा, राहती जागा, प्रवासाची सोय हे सगळे येते. दोघांच्या खोलीत चौघे राहत असतील आणि घरून येणारे पैसे मेसचे बिल भरण्यातच संपत असतील, तर विचार बदलून हे गुण कसे वाढावेत?

विवेकवाट: परिस्थिती चांगली आहे असे मानून चाला, असे एलिस कुठेच म्हणत नाहीत. अडचणीबद्दल वाईट वाटणे त्यांना स्वाभाविकच वाटते. त्यातून माणूस खचू नये, एवढाच त्यांचा आग्रह आहे.

धागाकर्ती: ते तीन प्रश्न उलटवले आहेत.

आकडेमोड: गावाकडची यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसर या चार घटकांचे सहसंबंध वेगवेगळे काढावेत, एकच बेरीज घेऊ नये. शिवाय प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते, म्हणून ती कधी भरून घेतली, हेही सांगावे.

धागाकर्ती: विज्ञान शाखेकडून ऐन परीक्षेत, कला शाखेकडून परीक्षा संपल्यावर.

आकडेमोड: मग दोन्ही गटांचे सहसंबंध आधी स्वतंत्र काढून पाहावेत. विज्ञानाच्या गटाला विवेकाचे गुण जास्त असतील आणि परीक्षेच्या ताणामुळे गुणवत्तेचे कमी, तर दोन्ही गट एकत्र केल्यावर ऋण सहसंबंध तेवढ्यानेही येऊ शकतो.