शिष्य स्टिरॉइड घेणारच म्हणतो; प्रशिक्षकाची जबाबदारी कुठवर?

प्रश्न (सरावमित्र):
मी पर्सनल ट्रेनर आहे. माझ्याकडे वेटलिफ्टिंगचा सराव करणारा एक सज्ञान तरुण नुकताच स्पर्धांमध्ये उतरू लागला आहे. टेस्टोस्टेरॉन या स्टिरॉइड हार्मोनच्या इंजेक्शनांचा कोर्स सुरू करणार असल्याचे त्याने मला स्पष्ट सांगितले. ‘तुम्ही डोस सांगितलात तर निदान धोका तरी कमी होईल, नाहीतर मी इंटरनेटवर वाचून घेईन,’ असे त्याचे म्हणणे आहे. डोस सांगणे चूक आहे हे मला कळते. पण नकार देऊन हात झटकले आणि उद्या त्याच्या जिवावर बेतले, तर मी निर्दोष ठरतो का, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

प्रतिसाद (क्रीडावैद्यक):
डोस सांगू नका, आणि त्याला वाऱ्यावरही सोडू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावतो आणि शरीराची स्वतःची निर्मिती थांबत जाते. कोर्स संपल्यावर ती पूर्ववत व्हायला अनेक महिने लागू शकतात, आणि त्या काळातील थकवा व नैराश्य सहन न होऊन पुष्कळजण पुन्हा इंजेक्शनाकडे वळतात. जोडीला रक्त दाट होते, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल घसरते, हृदयाचे स्नायू जाड होऊ शकतात, आणि यांतले बरेचसे आरशात दिसत नाही. तुम्ही डोस सांगितलात, तर ‘सर लक्ष ठेवून आहेत’ या भरवशावर तो अधिक धीट होईल. त्याला डॉक्टरांकडे न्या आणि त्याने काय ठरवले आहे ते त्याच्याच तोंडून त्यांना सांगू द्या. त्याला खरोखरच हार्मोनची कमतरता असेल तर ते तपासणीत कळेल. मात्र तसे असले तरी औषध घेत स्पर्धेत उतरण्यासाठी उपचारात्मक सवलतीची रीतसर परवानगी लागते.

प्रतिसाद (माजी धावपटू):
‘सर, तुम्ही सांगा’ या वाक्यात आपली जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याची इच्छा आहे, आणि ती तुम्ही मान्य करू नये असे मला मनापासून वाटते. जागतिक उत्तेजकविरोधी (अँटी-डोपिंग) संहितेनुसार खेळाडूच्या रक्त-लघवीच्या नमुन्यात जे सापडेल त्याला प्रथम खेळाडूच जबाबदार असतो. कोणी दिले, का दिले हे शिक्षा ठरवताना पाहिले जाते. नमुने 10 वर्षांपर्यंत जपून पुन्हा तपासता येतात, त्यामुळे आज सुटलो म्हणजे कायमचे सुटलो असे होत नाही. पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. त्याच्या गटात जो मुलगा काहीही न घेता उचलतो आहे, त्याचे स्थान हा तरुण हिरावून घेणार आहे, आणि या चर्चेत त्या मुलाच्या बाजूने बोलणारे कोणीच नाही.

प्रतिसाद (जुना प्रशिक्षक):
डॉक्टरांचे मत मला पटते, पण एका ठिकाणी मी थांबतो. त्याने कोर्स सुरू केला आणि तरीही तुम्ही त्याची स्पर्धेची तयारी करून घेत राहिलात, तर तुम्ही केवळ साक्षीदार उरत नाही. संहितेत खेळाडूला निषिद्ध द्रव्य देणे हा जसा स्वतंत्र गुन्हा आहे, तसेच जाणूनबुजून साहाय्य करणे, प्रोत्साहन देणे आणि झाकून ठेवणे हाही आहे. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये स्टिरॉइड सापडल्याने कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन याचे सुवर्णपदक गेले. पुढच्याच वर्षी कॅनडातील चौकशी आयोगासमोर त्याचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी स्टिरॉइडच्या वापराची सविस्तर कबुली दिली. इतर सगळे घेतात, मग न घेणारा मागेच पडणार, अशी त्यांची धारणा होती. हाच युक्तिवाद आजही सरावाच्या जागी रोज ऐकू येतो. शिष्याच्या निकालावर आपले नाव आणि उत्पन्न अवलंबून असले की तो पटकन पटतोही, म्हणून प्रशिक्षकाने त्या बाबतीत स्वतःवरच अधिक कडक नजर ठेवावी.

सरावमित्र:
सर्वांचे आभार. त्याला दोन गोष्टी सांगणार आहे: आधी डॉक्टरांची भेट, आणि कोर्स सुरू केल्यास माझ्याकडून स्पर्धेची तयारी बंद. एक गोष्ट लिहायची राहिली. त्याचा सतरा वर्षांचा चुलतभाऊही माझ्याकडे येतो आणि त्याचे प्रत्येक बाबतीत अनुकरण करतो.

जुना प्रशिक्षक:
मग त्या मुलाच्या पालकांशी बोलणे लांबवू नका. थोरल्याचे नाव न घेताही बोलता येईल: मुलाला कोणी गोळी, पावडर किंवा इंजेक्शन देऊ केले तर आधी घरी सांगायचे, एवढे त्यांच्यासमोर ठरवून घ्या. अल्पवयीन खेळाडूला निषिद्ध द्रव्य देणाऱ्या प्रशिक्षकावर आजीवन बंदी येऊ शकते. पण ती बंदी नसती, तरीही मी हेच सांगितले असते, कारण त्या वयात सर नुसते गप्प राहिले तरी मुले त्याला होकार समजतात.