अ‍ॅप स्टोअर आणि विकसक: खरी अडचण टक्केवारीची की परीक्षणाची?

धागालेखक:
अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झाले, तेव्हा विक्रीतले सत्तर टक्के विकसकाचे आणि तीस टक्के दुकानाचे असा हिशेब ठरला. २०२१ पासून अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनीही छोट्या विकसकांसाठी हा वाटा पंधरा टक्क्यांवर आणला, त्यामुळे माझ्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्याची मुख्य तक्रार आता टक्क्यांची नाही, ती परीक्षणाची, म्हणजे अ‍ॅप दुकानात ठेवण्याआधी दुकान करते त्या तपासणीची आहे. माझ्या हिशेबवहीच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती एका दुकानाने एका ओळीच्या कारणासह परत पाठवली: ‘गोपनीयता धोरणाची लिंक उघडत नाही.’ लिंक उघडत होती. मी तीन वेळा स्क्रीनशॉट जोडून उत्तर दिले, तिन्ही वेळा तीच ओळ परत आली आणि अकराव्या दिवशी तीच आवृत्ती काहीही न बदलता मंजूर झाली. तोपर्यंत बेरीज चुकवणारी जुनी आवृत्ती लोकांच्या हातात राहिली आणि एक तारा देणारे अभिप्राय माझ्या पदरी पडले. कमाईत वाटेकरी असलेल्या दुकानाने नकाराचे कारण नीट सांगावे, ही अपेक्षा अवाजवी आहे का?

प्रतिसाद १:
अपेक्षा रास्त आहे, पण दुकान काय देते तेही मोजायला हवे. मी पूर्वी स्वतःच्या संकेतस्थळावरून सॉफ्टवेअर विकत असे. परदेशी ग्राहकाचे पैसे घेणे, त्या त्या देशाचा कर भरणे आणि चोरीच्या कार्डांचे व्यवहार निस्तरणे यांतच निम्मा वेळ जाई. आज अनोळखी ग्राहक पैसे देतो, ते त्याचा दुकानावर विश्वास आहे म्हणून, आणि तो विश्वास कडक परीक्षणाशिवाय टिकत नाही. गूगलच्या दुकानात, म्हणजे गूगल प्लेवर, विकसकाच्या नव्या वैयक्तिक खात्याला किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हा नियम मला जाचक वाटत नाही.

प्रतिसाद २:
मला वाटतो. ज्याच्या ओळखीत बारा उत्साही माणसे नाहीत, त्याचे अ‍ॅप वाईटच असते असे नाही. शिवाय दुकान बदलण्याची सोय कागदावरच आहे: अँड्रॉइडवर बाहेरून अ‍ॅप घेता येते, पण वाटेतली धोक्याची सूचना वाचून बहुतेक जण मागे फिरतात. २०२० मध्ये एपिक गेम्स या कंपनीने आपल्या फोर्टनाइट या खेळात दुकानाचा वाटा टाळणारी, स्वतःची पैसे भरण्याची सोय घातली, तेव्हा अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनीही तो खेळ दुकानातून काढला. एपिकला वर्षानुवर्षे कोर्टात लढणे परवडले, आपल्याला ते परवडणारे नाही.

धागालेखक:
कराचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि परीक्षण नको असे मी म्हटलेलेच नाही. नकार देताना कोणत्या फोनवर, कोणत्या पडद्यावर, काय घडले हे परीक्षकाने लिहावे आणि दुसऱ्या उत्तराला तरी माणसाने वाचावे, एवढेच मी मागतो आहे.

प्रतिसाद १:
ही मागणी मलाही मान्य आहे. मात्र फसवी अ‍ॅप करणाऱ्यांनाही तेच तपशील मिळतील आणि ते त्यांतून पळवाटा शोधतील, ही माझी शंका अजून फिटलेली नाही.