आयनिक द्रवात कोबाल्ट जातो, पण थर सुटत नाहीत

प्रयोगवही: नमस्कार. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांतील निकेल-मँगनीज-कोबाल्टची काळी पूड हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, त्या द्रावणातून ट्रायहेक्झिल-टेट्राडेसिल-फॉस्फोनियम क्लोराइड या आयनिक द्रवाने (साध्या तापमानालाही द्रव राहणाऱ्या क्षाराने) कोबाल्ट वेगळा काढण्याचा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. वरचा थर सुंदर निळा होतो आणि खाली निकेलचे हिरवे पाणी उरते. मात्र तो निळा थर काकवीसारखा सेपरेटिंग फनेलच्या काचेला चिकटून बसतो आणि अर्धा तास थांबूनही दोन थरांमधली सीमा स्पष्ट होत नाही. शिवाय अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनवर (धातूंचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर) कोबाल्टसोबत मँगनीजही दिसते. टोल्युइन घालून द्रव पातळ करावा काय?

जुना धातुकर्मी: टोल्युइन घातल्यास थर सुटतील, परंतु ज्वलनशील, बाष्पशील द्रावक टाळण्यासाठीच आपण हा महागडा द्रव घेतला होता, हे विसरू नये. कोरड्या अवस्थेत 25 अंशांना त्याची विष्यंदिता (वाहण्याला होणारा विरोध) पाण्याच्या जवळपास 2,000 पट असते. पाण्याने संपृक्त झाल्यावर ती बरीच उतरते, म्हणून द्रव आधी आम्लाच्या द्रावणासोबत हलवून घ्यावा. बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या गटाने 2012 मध्ये हाच द्रव पातळ न करता वापरला आणि 8 मोलर (लिटरमागे 8 मोल) हायड्रोक्लोरिक आम्लात कोबाल्ट व निकेल यांचा पृथक्करण गुणांक (निकेलच्या तुलनेत कोबाल्ट द्रवात किती पट अधिक ओढला जातो, त्याचे माप) सुमारे 50,000 मिळवला. आपणही 60 अंशांवर काम करून पाहा. आम्लाच्या वाफा निघतात, तेव्हा भांडे झाकलेले आणि धूरकपाट चालू असावे. थर तरीही सुटले नाहीत, तर सेंट्रिफ्यूज वापरावे.

द्रावकवेडी: मँगनीज येणारच. क्लोराइड मुबलक असले की कोबाल्टभोवती चार क्लोराइड जमून ऋणभारित निळा संकुल आयन तयार होतो आणि तो आयनिक द्रवातील धनभारित फॉस्फोनियमशी जोडला जाऊन वर जातो. निकेलचा तसा टिकाऊ आयन बनत नाही, मँगनीजचा बनतो; जस्त आणि फेरिक लोह तर कोबाल्टपेक्षाही घट्ट धरले जातात व नुसत्या पाण्याने सहज सुटत नाहीत. माझ्या मते पूड विरघळवण्याची रीतच बदलावी: गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरल्यास क्लोरीन वायूचा त्रासही वाचतो. मग सौम्य आम्लतेत पर्मँगनेटने मँगनीज डायऑक्साइडचा साका पाडून गाळावे आणि त्यानंतरच क्लोराइड वाढवावे. ते सारे आम्लातूनच यावे असे नाही, साध्या मिठातूनही येते. मात्र मिठाने 8 मोलरची पातळी गाठता येत नाही, म्हणून कोबाल्ट वरच्या थरात किती जातो ते आधी छोट्या परीक्षानळीत तपासावे.

प्रयोगवही: आभारी आहे. कोबाल्ट परत पाण्यात उतरवताना शुद्ध पाणी वापरले, तर मिश्रण दुधाळ होते, ते का?

जुना धातुकर्मी: पाण्यात क्षार नसले की हे द्रव हट्टाने मिसळून राहतात आणि थोडा द्रव पाण्यासोबत वाहूनही जातो. अत्यंत सौम्य आम्ल घ्यावे, जोरात न हलवता सावकाश ढवळावे. निळा रंग फिका होऊन खालचे पाणी गुलाबी झाले, की कोबाल्ट उतरला.