पुराच्या फायबर बोटीला बाहेरून रंग द्यायचाय, आधी काय काय करावं लागतं?

कृष्णाकाठ_पलूस
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो कारण गावाच्या दृष्टीनं विषय महत्त्वाचा आहे. आमचं गाव पलूस तालुक्यात नदीला लागून, ग्रामपंचायतीकडं १६ फुटी फायबरची बोट आहे, २०१९ च्या पुरात वापरली, २०२१ ला परत वापरली, त्यानंतर शाळेमागं उघड्यावर उन्हात पडून आहे. ओबीएम म्हणजे मागं लावायचं इंजिन वेगळं ठेवलंय आणि त्याचं सर्व्हिसिंग झालंय, प्रश्न फक्त बोटीचा. हात फिरवला की पांढरी पावडर हाताला लागते, वरनं कुणीतरी पूर्वी केशरी ऑइल पेंट मारला होता त्याचे पापुद्रे निघायलेत, नाकाजवळ तळहाताएवढ्या जागेत आतलं जाळीसारखं फायबर दिसतंय, आणि मागं इंजिन बसतं त्या फळीच्या कोपऱ्यात बारीक चीर आहे. गावातला पेंटर म्हणतो घासून लांबी (पुट्टी) भरून ऑइल पेंटचे दोन हात देतो, झालं काम. दुकानदार म्हणतो समुद्रातल्या बोटीचा रंग मागवून देतो. वर्गणी थोडीच जमलीय म्हणून एकदाच पण नीट करायचंय, आणि मे अखेर बोट तयार पाहिजे. ज्यांनी असलं काम केलंय त्यांनी सांगा की.

गॅरेजवाला_मिरज
दादा ऑइल पेंट नकोच, परत दोन उन्हाळ्यात तेच पापुद्रे. गाडीला वापरतो तो टू-के पीयू म्हणजे पॉलियुरेथेन मारा, हार्डनरवाला, उन्हात टिकतो आणि चकाकी पण राहते. आधी गाडीचीच पुट्टी भरा, घासायला हलकी जाते, पाहिजे तर मी येऊन स्प्रे मारून देतो, गावाचं काम आहे, मजुरी नको.

शिवसागर_बामणोली
गॅरेजवाल्या भावांचा पीयूचा सल्ला बरोबर हाय पण पुट्टीचा नाय. गाडीच्या पुट्टीत टाल्कची पावडर असते, ती पाणी ओढती, पाण्याखालच्या भागाला ती चालत नाय, वरनं कितीबी भारी रंग मारा, खालनं फुगून टवका निघतोच. तिथं इपॉक्सी पुट्टी पायजे, महाग हाय, घासायला कडक हाय, पण बोटीला तीच.

आता मूळ प्रश्न. आमच्याकडं कोयनेच्या जलाशयात बामणोली, तापोळा, शेंबडी इथनं बोटी चालत्यात, वासोट्याला जाणारी माणसं ह्याच बोटीतनं जात्यात, आणि ह्या बोटी महिनोन्‌महिने पाण्यात उभ्या असत्यात. तुमची बोट वर्षभर जमिनीवर आणि पुरात काय ते थोडे दिवस पाण्यात. त्यामुळं आमच्या बोटीला जे लागतं ते तुम्हाला लागतंच असं नाय, आणि तुमच्या बोटीचा खरा वैरी ऊन हाय, पाणी नाय. हे डोक्यात धरून सामान घ्या म्हंजे पैसे वाचतील.

पण माझं पहिलं सांगणं रंगाचं नायच. ही पुराची बोट हाय, त्यात बाया, पोरं, म्हातारी माणसं बसणार. आधी बोट आतनं शाबूत हाय का ते बघा. उलटी करा, प्लास्टिकच्या दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि दांड्यानं अख्खा तळ वीत वीत ठोकत जा. टण्‌ असा कडक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तिथं खडूनं गोल करा, तिथं थर सुटलेत नायतर आत पाणी हाय. मागच्या फळीला तर नक्की ठोका, तिच्या आत प्लायवूड असतं, बोल्टच्या भोकातनं पाणी जाऊन ते कुजतं आणि बाहेरनं काय कळत नाय. शंका आली तर आतल्या बाजूनं खाली बारीक ड्रिल मारा, भुसा कोरडा पांढरट आला तर चांगलं, काळपट ओला आला तर रंगाचा विषय बंद, आधी फळी. चांगली निघाली तर ते भोक इपॉक्सीनं बुजवा, उघडं ठेवू नका.

आणि वजन करा. तुमच्याकडं उसामुळं गावोगाव वजनकाटे हायत, ट्रॉलीत बोट टाकून एकदा आणि नुसती ट्रॉली एकदा. बोटीच्या पाटीवर नायतर कागदावर वजन लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा, लई जास्त भरलं तर आत कुठंतरी पाणी मुरलंय.

फायबर_कुपवाड
वरच्या काकांशी पूर्ण सहमत. मी फायबरच्या टाक्या बनवायच्या कामात आहे, त्यामुळं नाकाजवळच्या जागेबद्दल आणि चिरेबद्दल लिहितो. जाळी दिसतेय म्हणजे जेलकोट, फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, गेलाय, तिथं नुसती पुट्टी भरून चालणार नाही, थर चढवायला लागतील. खराब भाग ग्राइंडरनं काढा आणि कडा एकदम उभी न ठेवता लांब उतरती करा, जाडीच्या साधारण बारा पट, म्हणजे थर ४ मिमी असेल तर चारी बाजूंनी ५ सेंमीपर्यंत उतार. उतार दिला नाही की ठिगळ एक दिवस टोपणासारखं निघून येतं.

कापड ज्यात भिजवून थर चढवतात ते रेझिन कुठलं? जुन्या कडक झालेल्या फायबरला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, म्हणून छोट्या दुरुस्तीला मी इपॉक्सीच सांगेन, पण मग सोबत विणलेलं ग्लास कापड घ्या. टाक्यांना वापरतात ती तुकड्यांची मॅट इपॉक्सीत नीट भिजत नाही, तिच्यातला चिकटवणारा पदार्थ पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरिननंच विरघळतो. आणि इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट नीट धरत नाही, पण तुम्ही वरनं रंगच देणार आहात त्यामुळं अडचण नाही.

बजेटमुळं पॉलिस्टरच वापरायचं ठरलं तर एक गोष्ट पोरांना समोर बसवून सांगा. दुकानात रेझिनबरोबर दोन बाटल्या देतात, जांभळट रंगाचा कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. हे दोन थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच हार्डनर. बऱ्याच रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला असतो, दुकानात विचारून घ्या. हार्डनर १ किलोला १० ते २० ग्रॅम, आपल्याकडच्या ४० डिग्रीत १० ग्रॅमच्या आसपासच ठेवा. गॉगल लावल्याशिवाय त्या बाटलीचं झाकण उघडू नका, डोळ्यात एक थेंब गेला तर नजर जाऊ शकते. आणि कुठलंही रेझिन खोल मगात एकदम जास्त कालवू नका, तापतं आणि धुरायला लागतं, पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं घ्या.

अंकलखोपची_लेक
मी रंगांच्या लॅबमध्ये काम करते आणि माहेर नदीकाठचंच आहे त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. घासायच्या आधी धुवा. हा क्रम लोक हमखास उलटा करतात. जुन्या बोटीवर साच्यातून काढतानाचं मेण असू शकतं, तेल, ग्रीस, कुणी पॉलिश मारलं असेल तर त्यातलं सिलिकॉन, आणि तुम्ही आधीच पॉलिश पेपर मारला तर हे सगळं त्या बारीक ओरखड्यांमध्ये दाबलं जातं आणि मग रंग माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं सोडत जातो. आधी साबणाच्या पाण्यानं आणि ब्रशनं स्वच्छ, मग कोरडं करून थिनर किंवा अॅसिटोननं पुसायचं, पण दोन फडकी घेऊन, एका ओल्यानं पुसायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं टिपून घ्यायचं, फडकी बदलत राहा नाहीतर तीच घाण सगळीकडे पसरते. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. झालं की पाणी मारून बघा, पाणी सलग पातळ पडद्यासारखं पसरलं तर बोट तयार, थेंब थेंब गोळा झाले तर अजून मेण आहे, परत पुसा.

तो केशरी ऑइल पेंट पूर्ण काढावाच लागेल, कारण टू-पॅक म्हणजे हार्डनर मिसळायच्या रंगातलं थिनर त्याला फुगवतं आणि सुरकुत्या पडतात. खरवडून आणि ८० नंबरच्या पेपरनं काढा. दुकानातलं रंग काढायचं जेल वापरू नका, त्यातली काही रसायनं जेलकोटलाही खातात. शेवटी १२० नंबरचा हात, सगळीकडे एकसारखी मॅट दिसली पाहिजे. चकाकणारा ठिपका राहिला तर तिथं प्रायमर धरणार नाही.

समुद्रातल्या बोटीच्या रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नको. तळाला लावतात तो अँटिफाउलिंग असतो, बहुतेकांत तांबं असतं, ते हळूहळू पाण्यात सुटावं म्हणूनच तो बनवलेला असतो म्हणजे शिंपले चिकटत नाहीत. आपल्या नदीत समुद्रातले ते शिंपले नाहीतच, शेवाळ तेवढं धरतं तेही बोट पाण्यात राहिली तर. आणि हेच पाणी सांगली पिते, त्यात तांब्याचा रंग सोडायचा कशाला.

तुमच्या बोटीला टू-पॅक इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर टू-पॅक पीयूचे दोन हात. इपॉक्सी उघडा ठेवू नका, उन्हात त्याची पावडर होते, म्हणून वर पीयू लागतोच. तुमच्या १६ फुटीचं बाहेरचं क्षेत्रफळ अंदाजे ११० ते १२० चौरस फूट धरलं तर प्रायमर ३ ते ४ लिटर आणि पीयू २ ते अडीच लिटर. एशियन, बर्जर सगळ्यांकडे इंडस्ट्रियल विभागात मिळतो, घराच्या रंगाच्या काउंटरला विचारलं तर नाही म्हणतील. बामणोलीच्या काकांच्या बोटींना मात्र तळाला इपॉक्सीच बरा, कारण पीयू सतत पाण्याखाली राहिला की फोड येतात.

शिवसागर_बामणोली
ताई बरोबर, आम्ही पाण्याखाली इपॉक्सीचेच जाड हात देतो. गोड्या पाण्यात फायबरला काय होत नाय असं लई जण म्हणत्यात ते खरं नाय, फोड गोड्या आणि कोमट पाण्यात उलट लवकर येत्यात. पलूसच्या दादांनी फोड असतील तर एक फोडून वास घ्यावा, व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी आतपर्यंत मुरलंय समजा, मग ते उघडून धुऊन आठवड्यांनी वाळवायला लागतं.

कृष्णाकाठ_पलूस
सगळ्यांचे मनापासून आभार. काका तुमच्या सांगण्यावरनं सगळं केलं. तळ कडक वाजला, फोड नाहीत, मागच्या फळीतला भुसा कोरडा निघाला. पण वजन पाटीवरच्यापेक्षा साठेक किलो जास्त भरलं, म्हणून पुढच्या बाकड्याचं झाकण उघडलं तर आतला फोम पिळून पाणी निघेल इतका ओला. आता हा वाळवायचा कसा? आणि कामाला जागा म्हणून एकाचं बेदाण्याचं शेड मिळायलंय, सावली आहे, वारा आहे, चालेल का?

फायबर_कुपवाड
फोम वाळत नाही दादा, एकदा भिजला की काढूनच टाकायचा. त्या फोमवर बोट उलटली तरी तरंगते, एक घनफूट फोम साधारण २७ किलो तोलतो, आणि भिजलेला काहीच तोलत नाही. म्हणजे रंग राहिला तरी चालेल पण हे राहून चालणार नाही. आत टू-पार्ट पीयू फोम ओता किंवा पॅकिंगला वापरतात त्या ईपीई शीटचे ठोकळे घट्ट बसवा. थर्माकोल घालू नका, पेट्रोल सांडलं की विरघळतो, पॉलिस्टर रेझिननं पण विरघळतो. पाणी कुठनं गेलं ते पण शोधा, बहुतेक बाकड्याच्या स्क्रूच्या भोकांतनं.

अंकलखोपची_लेक
बेदाण्याच्या शेडमध्ये नको. तिथं डिपिंग ऑइलचा, म्हणजे द्राक्षं वाळवायच्या आधी ज्यात बुडवतात त्या तेलाचा, अंश सगळीकडे बसलेला असतो तो तुमच्या पुसलेल्या बोटीवर येणार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काचेची धूळ आणि थिनरचा वास खायच्या मालाजवळ जायला नको. ट्रॅक्टरचं रिकामं शेड बघा, खाली पाणी मारून धूळ बसवा.

वेळ सकाळची धरा. पत्रा तापला की रंग ब्रशखालीच ओढायला लागतो. दुपारनंतर वळीव येतो हे लक्षात ठेवा, ओल्या इपॉक्सीवर पाणी पडलं की पांढरट होतो. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग देऊच नका, म्हणून जूनवर ढकलू नका. इपॉक्सी वाळल्यावर कधीकधी मेणचट थर येतो, तो नुसत्या पाण्यानं आणि हिरव्या घासणीनं धुवा आणि मगच पुढचा हात. दोन हातांमध्ये किती तास ते डब्यावर असतं, त्यापेक्षा उशीर झाला तर २२० नंबरनं हलकं घासून घ्या.

गॅरेजवाला_मिरज
पुट्टीचं पटलं, इपॉक्सीच घेऊ. स्प्रेचं काय मग, येऊ का?

अंकलखोपची_लेक
दादा या नक्की, पण स्प्रे नको. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा छातीत गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि त्याला रुमाल काय एन-९५ काय पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. फोमच्या बारीक रोलरनं लावा आणि मागोमाग दुसऱ्यानं मऊ ब्रशचं टोक हलकं ओढत यायचं, फिनिश छान येतं. घासताना मात्र एन-९५, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट सगळ्यांनीच.

कृष्णाकाठ_पलूस
ठरलं मग. फोम आणि दुरुस्ती आधी, पैसे उरतील तसा रंग. रंग केशरी ठेवायचा विचार आहे, लांबनं दिसतो. अजून काही राहिलं का?

शिवसागर_बामणोली
केशरी चांगला, गढूळ पाण्यात उठून दिसतो, गडद निळा-काळा नको, उन्हात तापून फायबरला त्रास. दोन्ही बाजूंना कागदावर असलेली माणसांची संख्या मोठ्या आकड्यात लिहा, बोट भरताना वाद नको. ब्रह्मनाळला २०१९ च्या ऑगस्टमध्ये जादा माणसं भरलेली बोट उलटून काय झालं ते तुमच्या शेजारचंच हाय, मी काय वेगळं सांगू. जॅकेटं पण त्याच आकड्याएवढी ठेवा.

रंग हाताला सुका लागला तरी पूर्ण कडक व्हायला आठवडा धरा, तोवर दोरी, साखळी, ट्रॉलीचा पत्रा काय लागू देऊ नका. नंतर ताडपत्री बोटीवर चिकटवून बांधू नका, खालनं हवा खेळली पायजे, आणि तळाचा बूच काढून नाक थोडं वर ठेवा म्हंजे पावसाचं पाणी आपसूक निघून जाईल. सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० फुटांचा इशारा झाला की बूच बसवायचं काम एकाच माणसाकडं द्या, त्याचं नाव पंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

कृष्णाकाठ_पलूस
बुचाचं लिहून घेतलं काका. सोमवारी कोल्हापूरला सामान आणायला जायलोय, कापड किती जाडीचं घेऊ?

फायबर_कुपवाड
२०० ग्रॅमचं विणलेलं, दोन मीटर पुरेल. चिरेच्या तिथं आधी चीर व्ही आकारात उघडा, मग एकावर एक तीन थर, प्रत्येक वरचा थोडा मोठा. मिरजेहून जाणार असाल तर येताना कुपवाडला थांबा, रोलर आणि ट्रे माझ्याकडचे घेऊन जा.