फोनवर व्हिडिओ बघताना जाहिराती टाळणं : हक्क की फुकटेपणा?

रात्रपाळी

मागच्या महिन्यात रात्री अडीच वाजता वडिलांच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म वाजायला लागला. लाल दिवा, आणि एकसारखं टीं टीं. माहितीपुस्तिका सापडेना. फोनवर मशीनचं मॉडेल टाकून व्हिडिओ शोधला, लगेच मिळालाही. पण त्याच्या आधी दोन जाहिराती. पहिली १५ सेकंदांची, वगळताच न येणारी. एका हातात वडिलांच्या नाकाला लावलेली नळी, दुसऱ्या हातात फोन, आणि पडद्यावर कुणीतरी गाडीतून डोंगरात फिरतंय. नळी पलंगाच्या पायाखाली सापडून दुमडली होती, एवढंच कारण निघालं. व्हिडिओतल्या माणसाने ते पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

वडील ठीक आहेत. पण त्या रात्रीनंतर मी फोनवरच्या व्हिडिओंमधून जाहिराती काढून टाकल्या आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. फोन माझा, डेटा माझा, वेळ माझा. जाहिरात उतरते तीही माझ्याच डेटा पॅकमधून. मग माझ्या फोनवर काय उतरू द्यायचं हे मीच ठरवणार.

काय केलं ते सांगतो. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घेतला, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकलं आणि यूट्यूब आता त्यातच उघडतो. फोनवरच्या क्रोममध्ये असली ॲड-ऑन टाकता येत नाहीत, म्हणून फायरफॉक्स. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर बोट लावलं की यूट्यूबचं ॲप उघडायचं. ते होऊ नये म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची लिंक उघडण्याची सोय बंद केली. ज्यांना ॲड-ऑनची भानगड नको त्यांच्यासाठी ब्रेव्ह ब्राउझर आहे, त्यात ब्लॉकर आधीपासूनच असतो. आयफोनवाल्यांना सफारीसाठी ब्लॉकर मिळतात, ती सोय २०१५ पासून आहे.

तुम्ही काय करता, आणि तुम्हाला हे पटतं का?

सरळवाट

नाही पटत. तुमच्या वडिलांचा प्रसंग वाचून मलाही धस्स झालं, पण त्या एका रात्रीवरून रोजच्या वागण्याचा नियम काढता येत नाही. बाकीचे ३६४ दिवस आपण यूट्यूबवर काय बघतो? क्रिकेटचे तुकडे, प्रवासाचे व्हिडिओ, कुणाच्या तरी मुलाखती. त्यातला एकही व्हिडिओ आपोआप तयार झालेला नाही.

बघितल्याचा मोबदला देण्याचे दोन रस्ते उघडपणे समोर ठेवलेले आहेत. जाहिरात बघा, नाहीतर प्रीमियम, म्हणजे यूट्यूबचं सशुल्क सभासदत्व, घ्या. प्रीमियममध्ये जाहिराती जातात, स्क्रीन बंद करूनही आवाज चालू राहतो आणि सभासदत्वाच्या पैशातला वाटा तुम्ही ज्यांचे व्हिडिओ जितका वेळ बघता त्या प्रमाणात त्यांना मिळतो. काही देशांत त्याची स्वस्त ‘लाइट’ आवृत्तीही आली आहे, तिच्यात गाण्यांवर आणि शॉर्ट्सवर जाहिराती राहतात. तुम्ही तिसरा रस्ता काढलात, माल घ्यायचा आणि काहीच द्यायचं नाही. वापराच्या अटींत हे बसत नाही, आणि खातं उघडताना त्या अटी आपणच मान्य केलेल्या असतात.

खुलाकोड

नैतिकतेचं तुम्ही दोघं बघा. मी फक्त काय चालतं आणि काय चालत नाही ते लिहितो, कारण याबाबत चुकीचे सल्ले फार फिरतात.

सगळ्यात जास्त फिरणारा सल्ला म्हणजे ‘प्रायव्हेट डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला, सगळ्या जाहिराती बंद’. ही सोय अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये आहे आणि ती खरंच उपयोगी आहे. बातम्यांची पानं, फुकट गेम्स, बरीचशी ॲप यांतल्या जाहिराती तिने जातात. यूट्यूबच्या जात नाहीत. डीएनएस फक्त पत्ता बघतो. जाहिरात वेगळ्या पत्त्यावरून येत असेल तर तो पत्ता अडवता येतो. यूट्यूबवर जाहिरात आणि व्हिडिओ दोन्ही एकाच सर्व्हरवरून येतात. तो पत्ता अडवलात तर व्हिडिओच बंद पडेल. व्हीपीएनसारखी, म्हणजे फोनचं सगळं इंटरनेट आपल्यातून वळवून घ्यायची, परवानगी मागून फोनमध्येच गाळणी लावणारी ॲप असतात, त्यांतली जी केवळ पत्ते अडवतात त्यांचंही हेच. शिवाय अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, म्हणजे ऑफिसचं चालू केलं की गाळणी बंद.

ब्राउझरमधला ब्लॉकर वेगळा. तो पानाच्या आत शिरून जाहिरात मागवणारा भागच काढतो, म्हणून रात्रपाळींचा उपाय चालतो. तो कायम चालेल असं मात्र समजू नका. ऑक्टोबर २०२३ पासून यूट्यूबने ब्लॉकरवाल्यांना अडवायची मोहीम जगभर वाढवली. तीन व्हिडिओंनंतर प्लेयर बंद होईल असा इशारा तेव्हा अनेकांना दिसला. जून २०२४ मध्ये जाहिरात थेट व्हिडिओच्या प्रवाहातच शिवून पाठवण्याचा प्रयोग दिसून आला. ते सरसकट झालं तर जाहिरात कुठे संपते आणि व्हिडिओ कुठे सुरू होतो हे ब्लॉकरला ओळखणं फार अवघड जाईल.

चटका

ब्राउझरवरच थांबा, एवढीच कळकळीची विनंती. मी थांबलो नाही.

व्हॅन्स्ड नावाचं बदललेलं यूट्यूब ॲप अनेकांच्या फोनमध्ये होतं. गूगलच्या कायदेशीर दबावानंतर मार्च २०२२ मध्ये ते बंद झालं. त्यानंतर मी त्याच नावाने शोधत बसलो आणि हुबेहूब दिसणाऱ्या एका साइटवरून एपीके (ॲप थेट बसवायची फाइल) उतरवली. तिने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली. ही परवानगी दिली की समोरचं ॲप तुमच्या पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. मी देऊन मोकळा झालो. जाहिराती खरंच गेल्या, म्हणून आठवडाभर खूशही होतो.

मग एका रात्री बँकेचे ओटीपी यायला लागले, मी न मागवलेले. ॲप काढायला सेटिंगमध्ये गेलो की पडदा आपोआप मागे यायचा. ‘अनइन्स्टॉल’वर बोट टेकेपर्यंत पुन्हा होम स्क्रीन. पाच-सहा वेळा तसंच झालं तेव्हा हात कापायला लागले. शेवटी फोन सेफ मोडमध्ये (बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवून) सुरू करून परवानगी काढली, बँकेला फोन करून खातं गोठवलं आणि फोन पूर्ण पुसला. पैसे वाचले. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो बॅकअपमध्ये नव्हते, ते गेले.

व्हिडिओ बघायच्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची काहीही गरज नसते. हे वाक्य तुमच्या घरच्यांना पाठवा.

बॉबिनकेस

मी त्या जाहिरातींवर घर चालवणारी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी शिलाई मशीन दुरुस्तीचे व्हिडिओ करते. टाका सुटतो, दोरा गुंततो, सुई बॉबिनकेसला घासते, असल्या गोष्टी. एका १२ मिनिटांच्या व्हिडिओला दोन ते तीन दिवस जातात, कारण मशीनच्या पोटातलं नीट दिसावं म्हणून एकच कृती चार कोनांतून चित्रित करावी लागते. लांब व्हिडिओंच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा मला मिळतो, शॉर्ट्सवर ४५. पण ते सुरू होण्याआधी १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं बघणं व्हावं लागतं. माझे तेवढे व्हायला दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष मी फुकट काम केलं.

आता लोकांना माहीत नसलेलं एक. व्हिडिओ आठ मिनिटांपेक्षा मोठा असेल तर मधे जाहिराती टाकता येतात. त्या आपोआप टाकू दिल्या तर कधी कधी अगदी वाक्याच्या मधोमध येतात. ‘आता हा स्क्रू सोडवताना खालून बोट लावा, नाहीतर...’ आणि जाहिरात! म्हणून मी प्रत्येक व्हिडिओ पुन्हा बघून खुणा हाताने सरकवते, एक काम संपून दुसरं सुरू होतं तिथे नेऊन ठेवते. सुरुवातीची जाहिरात वगळता येणारी असावी की नाही, हे मात्र नोव्हेंबर २०२३ पासून आमच्या हातात राहिलेलं नाही. जाहिराती चालू किंवा बंद, एवढंच निवडता येतं.

तेव्हा रात्रपाळी, त्या रात्रीचा तुमचा राग योग्य होता. पण तो सगळ्यांवर सारखा काढू नका. तुमच्या ब्लॉकरला मोठ्या कंपनीचं चॅनेल आणि माझं चॅनेल यांतला फरक कळत नाही.

थोरली

इथे सगळे वेळेबद्दल आणि पैशाबद्दल बोलताहेत. माझ्या घरात प्रश्न जाहिरातीत काय आहे याचा होता.

धाकटा भाऊ ऑनलाइन जुगारातून बाहेर पडला. फोनमधली सगळी ॲप त्याने माझ्यासमोर काढली. मन रमावं म्हणून जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघायचा, आणि प्रत्येक व्हिडिओच्या आधी पैज लावण्याचीच जाहिरात. मी शेजारी बसलेली असायचे. पाच सेकंदांनी ‘वगळा’ दिसेपर्यंत तो फोन उलटा करून मांडीवर ठेवायचा आणि मनात आकडे मोजायचा. हे बघून माझा जीव कासावीस व्हायचा.

गूगल खात्यात ‘माय ॲड सेंटर’ असतं. २०२२ पासून आहे. त्यात नाजूक विषयांची यादी आहे : दारू, जुगार, डेटिंग, वजन घटवणं, गरोदरपण आणि पालकत्व. ज्याच्या जाहिराती नको असतील तो विषय बंद करायचा. ज्यांचं मूल पोटातच गेलंय अशा बाईला पाळण्याच्या जाहिराती दिसणं काय असतं, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. जाहिरात चालू असताना तिच्यावरच्या तीन टिंबांतून किंवा माहितीच्या खुणेवरूनही ती अडवता येते, तक्रारही करता येते. यात कुणाचाही वाटा बुडत नाही, जाहिरात दिसतेच, फक्त दुसरी.

भावाच्या फोनवर जुगार बंद केल्यावर त्या जाहिराती खूप कमी झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत. राहिलेल्या एक-दोन दिसल्या तेव्हा मी त्याच्या फोनवर ब्लॉकर टाकला. सरळवाट, मला अटी दाखवू नका.

सरळवाट

थोरली, तुम्हाला मी अटी दाखवणार नाही. तुम्ही केलंत ते मीही केलं असतं.

पण बघा, आधी ऑक्सिजन, मग जुगार. अडचणीतल्या माणसाचं उदाहरण पुढे आलं की त्याच्या आडून बाकी सगळे आपापला ब्लॉकर चालू ठेवतात. माझा आक्षेप त्या ‘बाकी सगळ्यां’ना आहे. ज्याला प्रीमियम परवडतं, जो रोज दोन तास बघतो, त्याने ‘माझा फोन, माझा हक्क’ म्हणावं हे मला पटत नाही.

रात्रपाळी

हक्क मी हवेतून काढलेला नाही. जर्मनीत ॲक्सेल स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने ॲडब्लॉक प्लस या ब्लॉकरच्या कंपनीवर खटला भरला होता. २०१८ मध्ये तिथल्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने ब्लॉकर कायदेशीर ठरवला. अमेरिकेच्या एफबीआयने तर डिसेंबर २०२२ मध्ये स्वतः सल्ला दिला की इंटरनेटवर शोधताना जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन वापरा, कारण शोधाच्या निकालांत नामवंत कंपन्यांच्या नावाने खोट्या जाहिराती लावून लोकांना फसवलं जात होतं. जाहिराती तपासून घ्यायची जबाबदारी विकणारा नीट घेत नसेल, तर दार लावून घेणाऱ्याला फुकट्या कसं म्हणता?

सरळवाट

निकाल अर्धाच सांगितलात. तो खटला स्पर्धेच्या कायद्याखाली होता. कॉपीराइटच्या मुद्द्यावरचा त्याच दोघांमधला दुसरा वाद २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खालच्या न्यायालयाकडे फेरविचाराला परत पाठवला आहे. शिवाय एफबीआयचा सल्ला शोधताना फसू नये म्हणून होता, व्हिडिओचे पैसे वाचवायला नव्हता. आणि कायद्याने गुन्हा नाही म्हणजे ते योग्यच, असं होत नाही. बॉबिनकेस यांचे दोन-तीन दिवस कुणी भरून द्यायचे, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

रात्रपाळी

हा मुद्दा मला लागला, खोटं कशाला बोलू. खुलाकोड, एखादंच चॅनेल ब्लॉकरमधून सोडता येतं का?

खुलाकोड

यूब्लॉकमध्ये अख्खी साइट एका बटणाने सोडता येते. एकच चॅनेल सोडण्याची सोपी सोय नाही, कारण व्हिडिओच्या पत्त्यात चॅनेलचं नाव नसतं. सोपं हवं असेल तर दोन जागा ठेवा. ज्यांना पैसे मिळावेत असं वाटतं त्यांचे व्हिडिओ यूट्यूबच्या ॲपमध्ये जाहिरातींसकट बघा, बाकीचं ब्राउझरमध्ये. चॅनेलने सशुल्क सभासदत्व ठेवलं असेल तर तेही घेता येतं.

बॉबिनकेस

मला चालेल. काल हा धागा वाचून मी माझे जुने व्हिडिओ पुन्हा तपासले. सुई बोटात घुसली तर काय करायचं, असा एक नऊ मिनिटांचा आहे. त्यात तिसऱ्या मिनिटाला जाहिरातीची खूण आपोआप पडली होती, बरोबर जखम धुण्याच्या जागी. ती काढली. त्या व्हिडिओत आता मधे एकही नाही.

रात्रपाळी

धन्यवाद. आमच्याकडेही एक जुनं मशीन पडून आहे, तुमचे व्हिडिओ ॲपमध्येच बघेन. वडिलांच्या खोलीतल्या फोनवर मात्र फायरफॉक्सच राहील.

सरळवाट

त्या फोनबद्दल माझा वाद नाही. बाकीच्या फोनबद्दल अजून आहे.