सेन्सर बदलण्याआधी मीटर लावून बघा
२००६ च्या गाडीत पी०१७१ हा इंजिनचा बिघाड-कोड आला आणि मेकॅनिकने थेट ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन ओळखणारा) बदलायला सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा. हा कोड फक्त एवढंच सांगतो की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर बिचारा बहुतेक वेळा नुसता निरोप्या असतो.

इंजिन चांगलं गरम झालं की सेन्सरच्या वायरचा प्लग न काढता सिग्नल वायरला मागून पिन टोचा आणि डिजिटल मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. २००० आरपीएमच्या आसपास आकडा ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली नाचायला हवा. (वाइडबँड नावाच्या वेगळ्या प्रकारच्या सेन्सरला हे लागू नाही, आणि २००६ च्या काही गाड्यांत तो असतो.) आकडा खालीच चिकटला असेल तर थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) तोंडाशी कार्ब क्लीनरचा (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) किंचित फवारा मारा. झटकन ०.८ च्या वर गेला तर सेन्सर ठणठणीत. मग व्हॅक्यूमचे रबरी पाइप बघा, ते या वयात हमखास तडकतात आणि तिथून जास्तीची हवा आत शिरते. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरचा पाइप गळत असला तरी हाच घोळ होतो.

फवाऱ्यानंतरही आकडा ढिम्म हलला नाही, तर आधी वायरिंग तपासा आणि मगच नव्या सेन्सरचे पैसे मोजा.